थंडी आणि ऑक्सिजनचा अभाव : यीस्टची जनुके नेमके कशाला उत्तर देतात?

प्रश्न मुंबईतल्या एका महाविद्यालयात एम.एस्सी.चा प्रकल्प करणाऱ्या विद्यार्थिनीचा आहे. तिने डब्ल्यू-३०३ हा यीस्टचा स्ट्रेन ३० अंशांवर वाढवला, अर्धे भरलेले फ्लास्क रबरी बूच घट्ट लावून १० अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये हलवले आणि दुसऱ्या दिवशी, कोणती जनुके किती चालू आहेत हे पाहण्यासाठी, आरएनए काढला. टिर-१, ओएलई-१ आणि एचएसपी-१२ ही तिन्ही जनुके वाढलेली दिसली. तिला हवे आहे ते असे : यीस्टला थंडी आणि ऑक्सिजनचा अभाव वेगवेगळे कळतात का? तीच जनुके दोन्हीकडे का वाढतात? आणि ओएलई-१ वाढले म्हणजे पेशीपटलात असंपृक्त (दुहेरी बंध असलेली) मेदाम्ले वाढली, असे प्रबंधात लिहावे का?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण बाकीचे सगळे त्यातूनच उलगडते. तसे लिहू नका. ऑक्सिजन खरोखरच संपला असेल तर ओएलई-१ जितके जास्त वाढलेले दिसेल, तितकी असंपृक्त मेदाम्ले कमी पडत असण्याची शक्यता जास्त.

ओएलई-१ हे जनुक ज्या एन्झाइमची कृती सांगते, ते संपृक्त मेदाम्लाच्या साखळीत नवव्या कार्बनपाशी एक दुहेरी बंध घालते. त्यातून पामिटोलिइक आणि ओलिइक आम्ल तयार होते. आपल्या बेकरीच्या यीस्टकडे, म्हणजे सॅकरोमायसिस सेरेव्हिसीकडे, हे काम करणारे हे एकच एन्झाइम आहे. दोन-तीन दुहेरी बंधांची मेदाम्ले ते स्वतः बनवूच शकत नाही. आणि या एका एन्झाइमला प्रत्येक बंधामागे ऑक्सिजनचा एक रेणू लागतो. ऑक्सिजन नाही तर बंध नाही, मग एन्झाइम कितीही बनवा. रॉकेल संपलेल्या स्टोव्हला पंप मारत राहावे, तसे पेशीचे होते : ज्योत वर येत नाही म्हणून पंप आणखी जोरात. तुमच्या आरटी-पीसीआरने (आरएनए मोजण्याच्या चाचणीने) पंपाचे ठोके मोजले आहेत, ज्योत नाही.

आता थंडी या चित्रात कुठून येते ते पाहू. तापमान उतरले की पेशीपटलातल्या मेदाच्या साखळ्या एकमेकींना घट्ट चिकटून बसतात आणि पटल ताठर होते. त्यात रुतलेली वाहक प्रथिने नीट हलत नाहीत, वळत नाहीत. पटल पुन्हा सैल करायचे तर दुहेरी बंधामुळे वाकलेल्या साखळ्या हव्यात, म्हणजे पुन्हा ओएलई-१. ऑक्सिजन गेला तरी असंपृक्त साखळ्यांचा पुरवठा थांबतो आणि पटल ताठर होऊ लागते. कारणे दोन, परिणाम एकच. पेशी तो परिणाम ओळखते.

ओळखणारे प्रथिन आहे एमजीए-२, आणि त्याचे भावंड एसपीटी-२३. ही दोन्ही अंतर्द्रव्यजालिकेच्या पटलाला शेपटीने बांधलेली असतात. साधारण १२० किलोडाल्टनचे हे प्रथिन आरएसपी-५ नावाच्या युबिक्विटिन लायगेजने, म्हणजे मोडायच्या प्रथिनांवर खूण लावणाऱ्या एन्झाइमने, खुणावले की प्रोटिएसोम हे प्रथिने तोडणारे यंत्र त्याचा शेपटीकडचा भाग खाऊन टाकते. उरलेला ९० किलोडाल्टनचा तुकडा मोकळा होऊन केंद्रकात जातो आणि ओएलई-१ चालू करतो. हा सगळा प्रकार श्टेफान येंट्श यांच्या गटाने २००० साली दाखवला. प्रोटिएसोम म्हणजे प्रथिनांची कचरापेटी, असे तोवर बहुतेकांच्या डोक्यात पक्के होते. तोच प्रोटिएसोम इथे मोजून मापून अर्धवट काम करतो आणि संदेश सोडतो. मला आजही हा यीस्टमधला सर्वांत देखणा शोध वाटतो. पुढे असेही दिसले की एमजीए-२ चा पटलातला आडवा भाग आजूबाजूच्या साखळ्या किती दाटीने बसल्या आहेत त्यानुसार गिरकी घेतो. म्हणजे तो तापमान मोजत नाही, ऑक्सिजनही मोजत नाही. दाटी मोजतो. २००२ साली जपानी संशोधकांनी एमजीए-२ हा थंडी आणि ऑक्सिजन-टंचाई या दोन्हींचा संवेदक असावा असे मांडले होते, त्यामागचे यंत्र हे असे आहे.

त्यामुळे ‘यीस्टला दोन्ही वेगवेगळे कळतात का’ याचे ओएलई-१ पुरते उत्तर : फारसे नाही. पण पेशीत हा एकच पहारेकरी नाही.

ऑक्सिजनसाठी वेगळी, जुनी आणि बरीच अभ्यासलेली वाट आहे, ती हीमची, म्हणजे लोह धरून ठेवणाऱ्या एका रेणूची. हीम बनवण्याच्या साखळीत हेम-१३ या एन्झाइमला ऑक्सिजन लागतो, तेव्हा पेशीत हीम किती आहे यावरून ऑक्सिजनचा अंदाज येतो. हीम असले की हॅप-१ जागे होते, ते रॉक्स-१ बनवायला लावते आणि रॉक्स-१ हे टप-१ व एसएसएन-६ यांना सोबत घेऊन ऑक्सिजन-टंचाईत लागणारी जनुके दाबून ठेवते. हीम उतरले की रॉक्स-१ उतरते आणि दाबलेली जनुके सुटतात. त्यात हेम-१३ स्वतः असते. आता लक्षात घ्या, इथेही तोच प्रकार : ज्या एन्झाइमला ऑक्सिजन हवा त्याचेच जनुक ऑक्सिजन गेल्यावर वाढते. थोडासा ऑक्सिजन उरला असेल तर हे शहाणपणाचे आहे, कारण जास्त एन्झाइम म्हणजे उरल्यासुरल्या रेणूंवर जास्त हात. निसर्गात यीस्ट बहुधा अशाच अर्धवट अवस्थेत जगते. नायट्रोजनने पूर्ण धुतलेला फ्लास्क ही आपली प्रयोगशाळेतली करामत.

याच वाटेने काही जोड्या अदलाबदल होतात. एकाच कामाची दोन जनुके असतात, एक हवेत चालणारे, एक हवेविना : सीओएक्स-५ए च्या जागी सीओएक्स-५बी, एचवायपी-२ च्या जागी एएनबी-१. तुमचा फ्लास्क खरोखर ऑक्सिजनविरहित झाला होता का हे तपासायचे असेल तर टिर-१ पेक्षा एएनबी-१ विचारा. ते रॉक्स-१ च्या दाबाखाली असलेले नमुनेदार जनुक आहे. नुसत्या थंडीत, हवेशीर फ्लास्कमध्ये, ते शांत राहिले तर तुमच्याकडे दोन ताण वेगळे करणारी खूण आली.

तिसरा पहारेकरी स्टेरॉलचा, म्हणजे पेशीपटलातल्या कोलेस्टेरॉलसारख्या मेदाचा. यीस्टचे स्टेरॉल म्हणजे अर्गोस्टेरॉल. अर्गोस्टेरॉलचा एक रेणू बनवायला ऑक्सिजनचे बारा रेणू खर्ची पडतात. म्हणून यीस्ट ऑक्सिजनविना आंबवू शकते, पण ऑक्सिजनविना, बाहेरून काही न मिळता, अमर्याद वाढू शकत नाही. आंद्रेयासेन आणि स्टिअर यांनी १९५३-५४ मध्येच दाखवले होते की हवाबंद वाढीसाठी माध्यमात अर्गोस्टेरॉल आणि ओलिइक आम्लाचा स्रोत, म्हणजे ट्वीन-८०, घालावा लागतो. पेशीतले अर्गोस्टेरॉल घटले की यूपीसी-२ हे प्रथिन केंद्रकात शिरते, स्टेरॉल बनवणारी जनुके वाढवते आणि बाहेरचे स्टेरॉल आत ओढणारे ऑस-१ व पीडीआर-११ हे वाहकही. हवा असताना यीस्ट बाहेरचे स्टेरॉल आत घेतच नाही, हा तिचा एक हट्टच म्हणायचा.

टिर-१ आणि तिची नातलग मंडळी इथे येतात. डॅन आणि टिर ही जनुके पेशीभित्तिकेतली सेरीन या अमिनो आम्लाने भरलेली मॅनोप्रथिने (साखर जोडलेली प्रथिने) बनवतात. हवेत वाढणाऱ्या पेशीच्या भित्तिकेत सीडब्ल्यूपी-१ आणि सीडब्ल्यूपी-२ असतात. ऑक्सिजन गेला की ती मागे पडतात आणि डॅन-टिर पुढे येतात, अक्षरशः अंगरखा बदलतो. हे लगेच होत नाही, आधी हीम आणि स्टेरॉल उतरावे लागते. टिर-१, टिर-३ आणि टिर-४ यांपैकी एकही काढले तर यीस्ट नायट्रोजनमध्ये वाढत नाही, इतके हे गरजेचे आहे. पाऊ नावाचे जनुककुलही याच गटाच्या जवळचे; गुणसूत्रांच्या टोकांजवळ त्याच्या चोवीस प्रती पडून असतात आणि ऑक्सिजन गेला की त्यातल्या बऱ्याच जाग्या होतात. टिर-१ आणि टिर-२ थंडीच्या धक्क्यानेही वाढतात, तशीच टिप-१. टिप-१ चे तर नावच तापमान-धक्क्यावरून पडले, ते १९९१ मध्ये थंडीनेच सापडले होते.

म्हणजे टिर-१ वाढणे ही दोन्ही ताणांची खूण आहे आणि म्हणूनच तुमच्या प्रयोगात ती काहीच ठरवत नाही. दोन्ही ताण एकत्र दिल्यावर दोन्हींना उत्तर देणारे जनुक वाढले, यातून काय कळणार?

एचएसपी-१२ तर त्याहून कमी सांगते. थंडीचे उत्तर दोन पायऱ्यांत येते. पहिल्या काही तासांत आरएनए आणि रायबोसोमच्या बांधणीची जनुके वाढतात, कारण थंडीत आरएनए गुंडाळून बसतो आणि भाषांतर अडखळते. बारा तासांच्या पुढे ताणाची सर्वसाधारण जनुके येतात : ट्रेहॅलोज आणि ग्लायकोजेन या साठ्याच्या साखरा बनवणारी, एचएसपी-१२, एचएसपी-२६, एचएसपी-१०४. या दुसऱ्या पायरीमागे बहुतांशी एमएसएन-२ आणि एमएसएन-४ ही जनुके चालू करणारी प्रथिने असतात. आता हे दोघे थंडीला जसे हलतात तसे ग्लुकोज संपल्यावर, उष्णतेवर, मिठावर, नुसत्या संथ वाढीवरही हलतात. दुसऱ्या दिवशी काढलेल्या नमुन्यात एचएसपी-१२ वाढलेले असणे म्हणजे पेशी संथ आहे, एवढेच मी त्यावरून म्हणेन.

ही संथ वाढ या विषयातली सर्वांत मोठी फसगत आहे. ३० अंशांवर चांगल्या माध्यमात दीड तासात दुप्पट होणारे यीस्ट १० अंशांवर त्यासाठी जवळजवळ दिवस घेते. वाढीचा वेग बदलला की शेकडो जनुके आपोआप बदलतात, मग कारण काहीही असो. डेल्फ्टच्या तांत्रिक विद्यापीठातल्या गटाने हा गुंता २००७ मध्ये छान सोडवला. त्यांनी ऑक्सिजनविरहित केमोस्टॅटमध्ये (वाढीचा वेग ठरवून देता येणाऱ्या पात्रात) यीस्ट १२ आणि ३० अंशांवर अगदी एकाच वेगाने वाढवले, ताशी ०.०३ इतक्या. वेग सारखा केल्यावर थंडीला सरावलेल्या पेशींमध्ये ती प्रसिद्ध ताण-जनुके वाढलेली दिसलीच नाहीत, उलट उतरलेली होती. म्हणजे थंडीचा धक्का आणि थंडीत वस्ती या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्याकडच्या पाठ्यपुस्तकांत ‘थंडीला प्रतिसाद’ म्हणून जे छापलेले असते ते बहुतेक धक्क्याचे असते. केमोस्टॅट तुमच्या महाविद्यालयात नसणार, ते ठीक आहे. पण निष्कर्षात ‘१० अंशांवर हलवल्यावर’ असे लिहा, ‘१० अंशांवर वाढणाऱ्या’ असे लिहू नका.

आता फ्लास्ककडे वळू, कारण मला खरी शंका तिथे आहे. बूच लावले म्हणजे ऑक्सिजन गेला, हे गृहीत धरू नका. थंड पाण्यात ऑक्सिजन जास्त विरघळतो : हवेशी समतोल असलेल्या पाण्यात ३० अंशांवर लिटरला साधारण ७.६ मिलिग्रॅम, १० अंशांवर ११.३. पण ती खरी भानगड नाही. फ्लास्क अर्धा रिकामा आहे ना? १०० मिलिलिटर माध्यमात विरघळलेला ऑक्सिजन जेमतेम १ मिलिग्रॅम, आणि वरच्या १०० मिलिलिटर हवेत जवळजवळ ३० मिलिग्रॅम. थंडीत पेशींची भूकही मंद. तेव्हा तुमच्या पेशी पहिले कित्येक तास, कदाचित पूर्ण वेळ, हवेतच असतील आणि तुम्ही जे मोजले ते निव्वळ थंडीचे असेल. नायट्रोजनने वरची हवा हाकला. रेझाझुरिन (ऑक्सिजन गेला की रंग जाणारे रंगद्रव्य) थोडेसे घातलेला एक वेगळा फ्लास्क सोबत ठेवा. तो गुलाबी आहे तोवर ऑक्सिजन आहे. आणि नायट्रोजनसाठी सिलिकॉनची नळी वापरू नका. ती हातात घट्ट, जाड वाटते, पण ऑक्सिजन तिच्यातून सहज आत येतो. हवाबंद यीस्टचे कितीतरी निकाल या नळीनेच बिघडवले असतील.

माध्यमात ट्वीन-८० आणि अर्गोस्टेरॉल घालायचे की नाही, हा निर्णय विचार करून घ्या. सहसा लिटरला ४२० मिलिग्रॅम ट्वीन-८० आणि १० मिलिग्रॅम अर्गोस्टेरॉल, गरम इथेनॉलमध्ये विरघळवून, असे प्रमाण वापरतात. ते न घातल्यास पेशी साठ्यावर जगतात, दर विभाजनाला साठा अर्धा होतो आणि काही पिढ्यांत वाढ थांबते. घातल्यास वाढ चालू राहते, पण ओलिइक आम्ल मिळाल्यावर पेशी ओएलई-१ दाबते, त्याचा एमआरएनएही (जनुकाची आरएनए-प्रत) लवकर मोडते. म्हणजे तुम्ही ज्या जनुकाकडे पाहताय त्याचाच आवाज माध्यमाने बंद केला. माझा सल्ला : दोन्ही करा. ट्वीन घातल्यावर ओएलई-१ खाली आले, तर वाढीमागे साखळ्यांचीच टंचाई होती, हे तुम्हाला स्वतःच्या आकड्यांनी सांगता येईल. हा एक प्रयोग तुमच्या सगळ्या प्रबंधापेक्षा मोलाचा ठरू शकतो.

स्ट्रेनबद्दलही बोलायला हवे. डब्ल्यू-३०३ स्वतः ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल बनवू शकत नाही, ते बाहेरून टॅट-२ या वाहकातून घेते. टॅट-२ थंडीत सर्वांत आधी लंगडतो. त्यामुळे १० ते १५ अंशांवर अशा स्ट्रेनची वाढ थंडीपेक्षा ट्रिप्टोफॅनच्या उपासमारीने अडू शकते आणि मग तुमच्या यादीत उपासमारीची जनुके थंडीची म्हणून नोंदवली जातात. माध्यमात ट्रिप्टोफॅन भरपूर द्या, किंवा टीआरपी-१ (ट्रिप्टोफॅन बनवायला लागणारे जनुक) परत बसवलेला स्ट्रेन मागा. मार्गदर्शक बीवाय-४७४१ हा स्ट्रेन घ्या म्हणाले तर तिथे वेगळी खोड आहे : तो एस-२८८-सी च्या वंशातला, आणि त्या वंशात हॅप-१ मध्ये टीवाय-१ या उड्या मारणाऱ्या जनुकाचा तुकडा घुसून बसलेला आहे. १९९६ साली जनुकसंच वाचला गेला तो याच वंशाचा, म्हणून सगळे जग त्याला प्रमाण मानते. हीमची वाट अभ्यासायला मात्र तो लंगडा घोडा.

नमुना काढण्याची पद्धत तुम्ही लिहिली नाहीत, पण बहुतेक ठिकाणी काय होते ते माहीत आहे. ३० अंशांचा नियंत्रण-नमुना आणि १० अंशांचा नमुना, दोन्ही ४ अंशांच्या सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवले जातात. म्हणजे नियंत्रणालाही थंडीचा धक्का दिला. उलट, १० अंशांचा फ्लास्क मे महिन्यात एसी बंद असलेल्या खोलीतून सेंट्रिफ्यूजपर्यंत न्यायचा म्हणजे त्याला ऊब आणि हवा दोन्ही मिळाली. ओएलई-१ सारख्या जनुकाचा एमआरएनए काही मिनिटांत बदलतो. झटपट गाळून फिल्टर तसाच द्रव नायट्रोजनमध्ये टाका, इन्क्युबेटरच्या शेजारीच. आणि फक्त अ‍ॅक्टिनवर आकडे बसवू नका, म्हणजे तेच एक जनुक स्थिर मानून तुलना करू नका. संथ पेशीत तेही हलते. एएलजी-९, टीएएफ-१० यांसारखी दोन-तीन स्थिर जनुके घ्या.

३० अंशांवरच्या शोधनिबंधातले वेळापत्रक १० अंशांवर उचलून लावू नका, हेही ओघाने आले. ऑक्सिजन गेल्यावर पेशीतले जुने हीम आणि स्टेरॉल बऱ्याच अंशी विभाजनांतून पातळ होत जाते. विभाजनच दिवसाला एक असेल तर रॉक्स-१ चा दाब सुटायलाही तितकाच उशीर. ‘थंडीत हवाबंद असूनही डॅन-१ वाढले नाही’ असे कुणी म्हणाले तर मी आधी विचारते, किती पिढ्या झाल्या?

हे सगळे फक्त प्रयोगशाळेपुरते नाही. मुंबईत आता रात्रभर फ्रिजमध्ये कणीक आंबवणाऱ्या छोट्या बेकऱ्या बऱ्याच झाल्या आहेत. मळलेल्या कणकेतला ऑक्सिजन यीस्ट काही मिनिटांत संपवते, मग ती ४ अंशांवर जाते. तुमचाच प्रयोग, फक्त मैद्यात. तिथे यीस्ट तगते, कारण कारखान्यात तिला भरपूर हवा देऊन वाढवलेले असते, स्टेरॉलचा, असंपृक्त मेदाचा आणि ट्रेहॅलोजचा साठा घेऊनच ती येते. शिवाय मैद्यातले थोडे लिनोलिइक आम्ल तिला उचलता येते. अंधेरी-लोअर परळच्या मायक्रोब्रुअरीत लागर बिअरची टाकी १० अंशांच्या आसपास चालते, तिथे यीस्ट सोडण्याआधी वर्टमध्ये (आंबवायच्या माल्टच्या रसात) लिटरला ८ ते १० मिलिग्रॅम ऑक्सिजन मुरवतात, तो याच साठ्यासाठी. लागरचे यीस्ट मात्र निम्मे परके आहे : सॅकरोमायसिस पास्टोरियानस हा सेरेव्हिसी आणि युबायानस यांचा संकर. युबायानस २०११ मध्ये पॅटागोनियाच्या दक्षिणी बीच झाडांवर सापडले. लागरच्या यीस्टची थंडी सोसण्याची ताकद काही अंशी तंतुकणिकेच्या डीएनएत आहे, जो लागरने युबायानसकडूनच घेतला. केंद्रकातल्या जनुकांच्या याद्या बनवताना हे विसरायला होते.

तर नव्याने करायचे ते असे. चार गट घ्या : ३० अंश हवेशीर, ३० अंश नायट्रोजन, १० अंश हवेशीर, १० अंश नायट्रोजन. प्रत्येकात ओएलई-१, टिर-१, एएनबी-१ आणि एनएसआर-१ मोजा. एनएसआर-१ थंडीच्या धक्क्याने वाढणारे जुने ओळखीचे जनुक आहे, त्यामुळे एका बाजूला ते आणि दुसऱ्या बाजूला एएनबी-१ अशा दोन कुंपणांमध्ये बाकीची दोन वाचता येतील. त्याच पेशींचा दुसरा भाग मेदाम्लांसाठी ठेवा आणि जीसीवर (गॅस क्रोमॅटोग्राफीवर) पामिटोलिइक व ओलिइकचे एकूण मेदाम्लांशी प्रमाण काढा. साखळ्यांची लांबीही बघा. दुहेरी बंध घालता येत नाही तेव्हा पेशी आखूड साखळ्यांनी पटल सैल ठेवायचा प्रयत्न करते, आणि ते कुठल्याही आरटी-पीसीआरमध्ये दिसत नाही. जीसी दुसऱ्या संस्थेत असेल आणि नमुने लोकलने न्यायचे असतील, तर मेदाम्लांचे मिथाइल एस्टर इथेच करून, हेक्सेनमध्ये, झाकण नीट बसवून न्या. ओल्या पेशी बर्फात घालून निघालात तर गाडी कुर्ल्याला अडकेल आणि बर्फ वितळेल.

प्रबंधातले वाक्य त्यानंतर लिहा. जीसीने होकार दिला तर ‘असंपृक्त मेदाम्ले वाढली’, नकार दिला तर ‘ओएलई-१ चे प्रतिलेखन वाढले, उत्पादन वाढले नाही’. तोंडी परीक्षेत दुसऱ्या वाक्यावर प्रश्न जास्त येतील, आणि तुमच्याकडे त्यांची उत्तरेही असतील.